मुहूर्त, पाचवी आणि उशाशी बसणारं माणूस

"सिस्टर, मी घणसोलीला राहते. वय २९, पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलाय. माहेर सांगलीकडचं, सासर इथलंच, आगरी. घरात सध्या तीन गोष्टी चालल्यात. सासूबाईंनी गुरुजींकडून तारीख आणि वेळ काढून आणलीय. आधी 'सिझर करायचंच झालं तर तेव्हाच' असं म्हणत होत्या, आता त्यातला 'तर' गळून पडलाय. नवऱ्याने ऑनलाइन गर्भसंस्काराचा कोर्स लावलाय, सकाळी सहाला. मंत्र ऐकता ऐकता मला झोप लागते आणि मग दिवसभर अपराधी वाटतं. तिसरी गोष्ट माझी स्वतःची. मी देवधर्म करणारी नाही. पण बाळ हलायला लागल्यापासून रात्री जाग येते आणि हात जोडावेसे वाटतात. कोणाला, ते कळत नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की ती फोन करायची, 'घणसोली कुठल्या दिशेला गं?' आणि त्या दिशेला अक्षता टाकायची. मी हसायचे. यंदा शुक्रवारी फोनकडे बघत बसून राहिले. हॉस्पिटल चांगलं आहे, पण तिथे सगळं फाइल, मशीन, नंबर. बाळंतपणात काहीतरी पवित्र असतं म्हणतात, ते तिथे कुठे सापडायचं? की हे सगळं हार्मोन्सचं आहे?"

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. ठाण्यातल्या एका प्रसूतिगृहात ३२ वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. पोट पुढे आलेली बाई दिसली की तोंडातून 'तुम्ही' निघतच नाही.

हार्मोन्सचं आहे का? असेलही. भूकसुद्धा हार्मोन्सचीच असते, म्हणून ताटावरून कोणी उठत नाही. हात जोडावेसे वाटले तर जोड. कोणाला, त्याचं माझ्याकडे एक उत्तर आहे, पण ते शेवटी सांगते.

मुहूर्ताचं मात्र आजच मिटव. तो 'तर' डॉक्टरांच्या अखत्यारीतला आहे. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत सिझेरियन करू नये, कारण बाळाची फुप्फुसं आणि मेंदू शेवटच्या आठवड्यांतही तयार होत असतात. उत्तम नक्षत्रावर जन्मलेलं आणि काचेच्या पेटीत धापा टाकणारं बाळ मी पाहिलंय. बाहेर त्याची आजी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसली होती, तो उघडावा की नाही ते तिला कळत नव्हतं. पण सिझेरियन खरोखरच ठरलं, दिवस भरलेले असले आणि डॉक्टरच म्हणाले, "सकाळी दहा की दुपारी बारा, तुम्ही सांगा," तर खुशाल पंचांग उघडा. त्यात कोणाचं काही बिघडत नाही.

गुरुजींना एवढं मात्र विचार, की जन्मवेळ कोणती धरायची? डोकं बाहेर आलं ती, पहिलं रडणं ऐकू आलं ती, की नाळ कापली ती? ज्योतिषांचंही यावर एकमत नाही. आणि आमच्या लेबर रूमचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं. कोणी मागे करायचं नाही, कारण पाळी लवकर संपल्यासारखी वाटायची. त्या घड्याळावरून किती पत्रिका मांडल्या गेल्या असतील ते देव जाणे.

सासूबाईंशी भांडायला जाऊ नकोस. तुझ्या सासरच्या समाजात लग्नाचे विधी करणारी धवलारीण असते. ती बाईमाणूस, गळ्यावर धवळे म्हणजे लग्नाची गाणी आणि पाठीशी सगळ्या गावाचा मान. विधी बाईच्या तोंडून होतो हे ज्यांनी लहानपणापासून पाहिलंय, त्यांना बाळंतपणाची वेळ कोणा पुरुषाकडून लिहून आणायची गरज का पडावी, हे मला खरंच कळत नाही. भीतीपोटीच पडली असेल. नातवाचं सगळं चांगलं व्हावं या धास्तीला हाताशी एक कागद हवा होता, तो गुरुजींकडे मिळाला. तू त्यांना दुसरं काम दे. कोणतं, ते पुढे येतंच आहे.

गर्भसंस्काराचं म्हणशील तर ते सगळे अभिमन्यूची गोष्ट सांगतात. सुभद्रेला झोप लागली आणि पोटातल्या बाळाचं चक्रव्यूहातून बाहेर पडायचं राहून गेलं. दोष सुभद्रेच्या माथी. मला विचारशील तर दोष सांगणाऱ्याचा. दिवस गेलेल्या बाईपुढे युद्धशास्त्र काढल्यावर ती झोपणार नाही तर काय करणार? तुलाही सकाळी सहाला झोप लागते ती शरीराला हवी आहे म्हणून. झोप निवांत, डाव्या कुशीवर. बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं, हे खरं आहे. तो आवाज तुझा, रेकॉर्डिंगमधल्या बुवाचा नाही. त्याच्याशी काहीही बोल. ठाणे-वाशी लोकलला आज किती गर्दी होती ते सांग. मंत्रांनी बरं वाटत असेल तर तेही म्हण. ओंकार म्हणताना श्वास लांबवर सोडावा लागतो, आणि कळांमध्ये तेच कामाला येतं. फक्त कोर्समध्ये कोणी पुंसवनाच्या नावाखाली 'मुलगा होण्याचं' औषध काढलं, तर तिथून उठ. १९९४ च्या कायद्याने हे बंद केलंय, आणि त्या पुड्यांमध्ये काय असतं ते कोणी लिहून देत नाही.

त्याच चक्रव्यूहाची आणखी एक गोष्ट आहे, ती कोर्सवाले सांगत नाहीत. पूर्वी बाई अडली की थाळीत केशराने चक्रव्यूह काढायचे. तिने तो नजरेने वाट काढत बघायचा, मग पाण्याने धुऊन ते पाणी तिला पाजायचे. पुरुषांच्या गोष्टीत त्यातून बाहेर पडता येत नाही, बायकांच्या थाळीत येतं.

आता तुझा खरा प्रश्न. पवित्र काय, ते हॉस्पिटलात कुठे सापडायचं? त्याआधी तिथे काय सापडायचं ते सांगते, आणि त्यात मीही आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा लेबर रूममध्ये बायकांवर ओरडणं ही रीतच होती. कळांनी किंचाळणारीला "तेव्हा नाही ओरडलीस ती?" असं विचारायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. पाय जवळ घेतले की मांडीवर चापट. मीही मारलीय. लवकर जोर लावावा म्हणून मारतोय, तिच्याच भल्यासाठी, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. बाळ सुखरूप झालं की विषय संपला. बाईच्या मनातून संपत नाही, हे मला फार उशिरा कळलं. ठाण्यातल्या तलावपाळीवर एकदा एक बाई समोर आली, सोबत दहावीतली मुलगी. मला ओळखून म्हणाली, "तुम्ही मला मारलं होतं." रागाने नाही, सहज, ओळख सांगावी तसं. मला तिचा चेहराही आठवत नव्हता. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातल्या अपमानाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. तो कागद वाचताना मला तलावपाळीच आठवली.

त्याच खोलीत आमची एक मावशी होती. मावशी म्हणजे आया, कोळीवाड्यातली, सही करता येईल एवढीच शाळा. तिचं काम फरशी पुसायचं, भांडी उचलायची. पण रात्री दोननंतर खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या आम्हा सगळ्यांना सोडून ती एखाद्या बाईच्या खाटेशी जाऊन बसायची. कंबरेच्या खाली तळहात दाबून धरायची आणि कळ आली की स्वतःच लांब श्वास सोडायची, "सोड गो बाय, सोड." बाईची वेणी मोकळी करायची. मनगटावरचा गंडा सैल करायची. कोपऱ्यातल्या कपाटाचं दारही उघडं टाकायची. मी चिडायचे, "मावशी, कपाट कशाला?" तर म्हणायची, "अडकलेला काय ठेवू नये." जुनी समजूत आहे ती, बाळंतिणीच्या घरात कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या. कपाटाने गर्भाशयाचं तोंड उघडत नाही, हे मला पुस्तकाने शिकवलं होतं. पण आजूबाजूचं एकेक सैल होताना बघून बाईचे आवळलेले दात सुटायचे, मुठी सुटायच्या, आणि मग पुढचं सोपं जायचं. हे मात्र पुस्तकात नव्हतं.

आपली भाषा ऐक ना. बाईला बाळ झालं की आपण म्हणतो, "ती मोकळी झाली." "सुटका झाली." मावशी त्या शब्दांना धरून काम करत होती.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर ही मावशी. त्या खोलीत पवित्र काही असेल तर ते उठून न जाणाऱ्या माणसात असतं. हे मी भाविकपणाने म्हणत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत एक माणूस सतत सोबत असेल तर कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनही कमी लागतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांना अशी सोबतीण आत घ्यायची मुभा दिली. नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, आणि आडोसा नीट असेल तिथे नवराही चालेल. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींमध्येही आपल्या पसंतीची सोबत हा मुद्दा आहे. म्हणजे हे लाड मागणं नाही. पुढच्या तपासणीला गेलीस की डॉक्टरांना सरळ विचार: माझ्यासोबत कोणाला आत येऊ द्याल? कळांमध्ये मला चालू-फिरू द्याल का, की आडवंच ठेवाल? अडचण नसेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबाल का? बाळ पुसून सरळ माझ्या छातीवर द्याल का, आणि पहिल्या तासात पाजायला? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर तेही आत्ताच कळलेलं बरं, अजून वेळ आहे.

आणि सोबतीला सासूबाईंना ने. नवऱ्याला वाईट वाटेल, पण रक्त बघून त्याचे डोळे फिरतात का ते आधी पाहून घे. आमच्याकडे बायकोआधी नवऱ्याला खाटेवर घ्यायची वेळ कितीदा तरी आलीय. सासूबाईंना एक दिवस चहा करून दे आणि विचार, "तुमच्या वेळी उशाशी कोण होतं?" मुहूर्ताचं नाव काढू नकोस. मला त्यांची गोष्ट ठाऊक नाही, पण त्या पिढीतल्या बायकांना हा प्रश्न सहसा कोणी विचारलेला नसतो. त्या बोलू लागल्या की मध्ये थांबवू नकोस.

नाळ थांबून कापण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या दोन-तीन मिनिटांत वारेतलं, म्हणजे प्लॅसेंटातलं, रक्त बाळाकडे जातं, पुढे कित्येक महिने त्यातलं लोह त्याला पुरतं. वार बघायची असेल तर दाखवा म्हण, बहुतेक सिस्टर दाखवतात. नऊ महिने जेवू घातलेल्या अवयवाला एकदा बघून घ्यावं असं मला वाटतं. पूर्वी ती परसात पुरायचे. आता ती पिवळ्या पिशवीत जाते, नियमच आहे, त्यावरून वाद घालू नकोस. बाळाच्या बेंबीची सुकलेली नाळ मात्र आठवडा-पंधरवड्यात आपोआप पडेल, ती तुझी. बाल्कनीतल्या कुंडीत पुर. नाळ पुरलेली जागा घणसोलीत चौथ्या मजल्यावरही असू शकते. फक्त ती पडेपर्यंत बेंबीला हळद, तेल, अंगारा काहीही लावायचं नाही. कोरडी ठेवायची. आणि सोन्याने मध-तूप चाटवायचा जुना संस्कार आहे, त्यातलं मध वर्षाच्या आत बाळाला धोक्याचं असतं. पहिलं चिकाचं दूध दे, त्याचाही रंग सोनेरीच असतो.

आता पाचवी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

तुझ्या सासरी पाचवी थाटात होणार. पाटा-वरवंटा मांडतील, सटवाईची पूजा, कोरा कागद आणि लेखणी ठेवतील, कारण त्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. आणि रात्रभर जागायचं. शिकलेल्या मुली याला हसतात. मीही हसायचे, जोवर धनुर्वाताबद्दल नीट वाचलं नव्हतं. पूर्वी विळ्याने नाळ कापायची, बेंबीवर राख नाहीतर शेण. बाळ चार-पाच दिवस छान प्यायचं आणि मग साधारण त्याच दिवसांत जबडा आवळायचा, दूध पिणं सुटायचं, आणि बाळ जायचं. पाचवी-सहावीची रात्र ही कागदावर नशीब लिहिण्याची रात्र का, ते मला तेव्हा उमगलं. माझा तर्कच आहे हा, पण त्या बायका जागून बाळाच्या जबड्याकडेच बघत असणार. लस, स्वच्छ ब्लेड आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी तो काळ मागे टाकला. २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारतासाठी जाहीर झालं. तुला दिलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन ही सटवाईला दिलेली तुमची लेखणीच समज.

पण पाचव्या रात्री जागायचं कारण संपलेलं नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, बाळाची कावीळ वाढायची असेल तर तेव्हाच वाढते, आणि नेमकं तेव्हाच बाळंतिणीला रडू फुटतं. कारण नसताना. पेढे वाटून झालेले असतात, पाहुण्यांनी बाळाचं नाक कोणावर गेलं ते ठरवलेलं असतं, आणि ती भिंतीकडे तोंड करून रडते. तुझ्या बाबतीत आई नाही, म्हणून हे रडू जरा मोठं येईल. आत्ताच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. तेव्हा पाचवी होऊ दे. जेवणावळ बाहेरच्या खोलीत, आत फक्त जागणारं माणूस. सासूबाईंना तेच सांग: मुहूर्त राहू द्या, पाचवीच्या रात्री तुम्ही माझ्याजवळ बसा. हे ते काम. सिझेरियन झालं आणि पाचवी वॉर्डातच आली तर उशाखाली कागद-पेन ठेवा, दिवा मात्र नको, तिथे ऑक्सिजनची लाइन असते. आणि पाटा आणायला गावभर फिरू नका, मिक्सरच्या भांड्यालाही सटवाई नाही म्हणणार नाही.

बाकी रीतींचं थोडक्यात. तेलाची मालिश हवी तितकी, अळीव, डिंक, खसखस बेताने. बंद खोलीत खाटेखाली कोळशाची शेगडी आणि बाळाला धुरी मुळीच नको, दोघांचाही जीव गुदमरेल. दहा दिवस सोयर पाळायचं म्हणून कोणी तुला स्वयंपाकघरात येऊ देत नसेल तर आनंदाने बाहेर बस. देव्हाऱ्याला विटाळ होतो म्हणून कोणी हात झटकला तर मात्र ऐकून घेऊ नकोस. आणि बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून भळाभळा जायला लागलं, ताप चढला, बाळ प्यायचं सोडून नुसतं झोपू लागलं, तर पूजा अर्धी टाकून निघायचं. दारात गाडी नसेल तर १०८. रडणं दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर डॉक्टरांना सांग, किंवा १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, तिथे मराठीत बोलतात.

राहिले तुझे जोडलेले हात.

३२ वर्षांत मी सगळ्या जातीधर्मांच्या बायका बघितल्या. भजनी मंडळातल्या, देव न मानणाऱ्या, गळ्यात क्रॉस घातलेल्या, मंगळसूत्राला डझनभर ताईत बांधलेल्या. कळ पहिल्यांदा जोरात आली की मराठी बाई देवाचं नाव घेत नाही. ती "आई गं" म्हणते. जिची आई बाहेर बाकावर बसलेली असते तीही, आणि जिची नसते तीही. तू विचारलंस कोणाला हात जोडायचे. तूही तेच म्हणणार आहेस, तेव्हा आधीपासून जोडलेस तर बिघडलं कुठे?

जिवतीच्या कागदावर मुलं खेळवणाऱ्या त्या दोघी असतात ना, त्यातल्या एकीचं नाव 'जरा', ती मूळची राक्षसीण. महाभारतात दोन तुकड्यांत जन्मलेलं बाळ टाकून दिलं होतं, ते तिने जोडलं आणि जिवंत केलं. तिची पूजा तुझी आई दर श्रावणात करत होती. दूरच्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकायची पद्धत आहे. तिने तुझी नेमकी दिशा विचारून घेतली, हे मला फार आवडलं.

भावाकडे किंवा वडिलांकडे तिच्या जुन्या सुती साड्या असतील, त्यातली सगळ्यात मऊ झालेली मागवून घे. आठवा लागायच्या आत येऊ दे. दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून तिची दुपटी शिव, चार-पाच तरी होतील. शिवणकाम येत नसेल तर नुसती फाडून कडा दुमड. बाळ बाहेर आल्यावर पुसायला हॉस्पिटलचं कापड असतं, पण गुंडाळायला घरचं चालतं, सिस्टरांना आधी सांगून ठेव. फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, गाऊन आणि ही दुपटी, सगळं एका पिशवीत घालून दाराजवळ.

मोकळी झालीस की कळव. वजन, वेळ, मुलगा की मुलगी ते नंतर सांग. आधी सासूबाईंनी त्या चहाच्या वेळी काय सांगितलं ते लिही.